आधी हाताने फिरव

नरसीच्या चौकात तू स्वतःचं गॅरेज टाकतोयस, हे ऐकून जीव सुखावला. नांदेड, देगलूर, बिलोली, मुखेड, चारी बाजूंची वाहतूक त्या चौकातून जाते. मांजरेच्या पात्रातली वाळू, धर्माबादची मिरची, कारखान्यांचा ऊस, सोयाबीन, कापूस हे सगळं डिझेलच्या जोरावर हलतं. तुला काम कमी पडणार नाही. बिलोलीत माझ्या हाताखाली राहून तू पाने ओळखायला शिकलास, हेड उतरवायला शिकलास. एका दुखण्याबद्दल मात्र तुला नीट बसवून सांगायचं राहून गेलं. पिस्टन आणि वॉल एकमेकांना लागतात, ते दुखणं. कंपनीच्या पुस्तकात त्याला व्हॉल्व्ह म्हणतात, आपल्या तोंडी तो वॉल. आज ते सगळं लिहून देतो. जपून ठेव.

पहिला मंत्र आधीच कानात घाल. इंजन ठणकून बंद पडलं असेल तर सेल्फ मारू नको. मालक म्हणेल, ड्रायव्हर म्हणेल, जमलेली चार माणसं म्हणतील, "एकदा मारून तर बघा." तू मारू नको.

मी मारला होता. तेव्हा मी तुझ्याच वयाचा होतो. येसगीच्या पुलाजवळ वाळूची गाडी उभी होती. ड्रायव्हर म्हणाला, टक्क असा आवाज झाला आणि बंद पडली. मी बोनेट उघडलं, डिझेल बघितलं, हवा काढली आणि सेल्फ मारला. इंजन अर्धी फेरी फिरलं, आत काहीतरी मोडल्याचा आवाज आला आणि जागेवर अडकलं. हेड उतरवल्यावर कळलं. तोवर एकच वॉल वाकलेला असणार. माझ्या सेल्फने त्याची मान तोडली. वॉलची तुटलेली बशी पिस्टनच्या डोक्यावर आडवी पडली, पिस्टन फुटला, हेडला खड्डा पडला. एका वॉलचं काम होतं, ते अर्ध्या इंजनाचं झालं. माझ्या उस्तादांनी मला शिव्या दिल्या नाहीत. फुटलेला पिस्टन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हा तुझ्या पेटीत ठेव." तो आजही तिथंच आहे, तू पाहिलायस.

आतली फट समजून घे

टाटाचं 697 इंजन घे. नावातच त्याचं माप आहे: 6 सिलिंडर, 97 मिलिमीटरचा बोअर. पिस्टनची चाल 128 मिलिमीटर. म्हणजे एकेका सिलिंडरमध्ये साधारण 946 घन सेंटिमीटर हवा मावते. डिझेलला ठिणगी नसते, हवा दाबून तापवावी लागते. दाब 17 पट धरला, तर ती सगळी हवा 59 घन सेंटिमीटरमध्ये कोंबायची. त्यातली बरीचशी जागा पिस्टनच्या डोक्यावरच्या वाटीत असते. म्हणून पिस्टन 128 मिलिमीटर वर येतो आणि हेडपासून जेमतेम मिलिमीटरभर अंतरावर थांबतो. पेट्रोलच्या जुन्या इंजनात एवढी अडचण नसते. डिझेलमध्ये चूक करायला जागाच ठेवलेली नाही.

आता वेळ बघ. 2,400 फेऱ्यांवर पिस्टन सेकंदाला 40 वेळा वर येतो आणि प्रत्येक वॉल 20 वेळा उघडतो. जळका धूर बाहेर टाकून पिस्टन वर पोचतो, तेव्हा एग्झॉस्टचा वॉल मिटत असतो आणि हवेचा, म्हणजे इनलेटचा, उघडायला लागलेला असतो. दोघंही थोडे थोडे उघडे आणि पिस्टन अगदी वर. सगळा धोका या एका क्षणात आहे. एग्झॉस्टच्या वॉलमागे पिस्टन धावून येतो. इनलेटचा वॉल खाली जाणाऱ्या पिस्टनमागे धावतो. हे चित्र डोळे मिटून पाहता आलं की पुढचं निदान अर्धं झालंच म्हणून समज.

गाडीआधी ड्रायव्हरला विचार

मालक समोर असताना विचारू नको. त्याला बाजूला घे, चहा पाज, मग विचार. धाक घातला तर तो खरं सांगणार नाही, आणि त्याचं खरं तुझे दोन दिवस वाचवतं.

आवाज कधी आला? चढावर, उतारावर, की गिअर बदलताना? मांजरेच्या पात्रातून भरलेली गाडी वर काढताना इंजनावर भार असतो, पण फेऱ्या कमी असतात. वॉल सहसा तिथं लागत नाहीत. उतारावर लागतात. निर्मलच्या घाटात भरली गाडी पाचव्यातून एकदम तिसऱ्यात टाकली, की चाकंच इंजनाला फिरवतात. डिझेल पंपाचा गव्हर्नर डिझेल तोडू शकतो, चाकांना थांबवू शकत नाही. फेऱ्या हद्दीबाहेर गेल्या की स्प्रिंगला वॉल वेळेवर वर ओढून घेणं जमत नाही, आणि पिस्टन त्याला गाठतो.

दुसरं विचार, एग्झॉस्ट ब्रेक किती वापरतोस? सायलेन्सरची वाट कोंडली की मागे दाब साठतो. स्प्रिंग थकलेली असेल तर तो दाब एग्झॉस्टचा वॉल सीटवरून उचलतो. तिसरं, इंजनाचं काम अलीकडे झालंय का? हेडला फेसिंग मारलं, गॅस्केट बदललं, टायमिंग काढलं, काहीही. चौथं, गाडी पाण्यातून काढली होती का? हा चौथा प्रश्न विसरू नको. कारण पुढे सांगतो.

मग हाताने फिरव

क्रँक पुलीच्या नटाला पाना लाव आणि इंजन चालतं त्याच दिशेने हळू फिरव. पूर्ण दोन फेऱ्या. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते, तेव्हाच सगळे वॉल एकदा उघडून मिटतात. एकाच फेरीवर समाधान मानलंस तर अर्धं इंजन तपासायचं राहिलं.

हाताला काय लागतं ते शिक. कॉम्प्रेशन लवचीक असतं. जोर लावला की दबतं, फुस्स करत सुटतं. धातूला धातू लागला तर हात जागच्या जागी थांबतो, आणि दर वेळी त्याच ठिकाणी. थांबला की पान्याला पाइप लावून लांबी वाढवायची नाही. पुलीवर आणि कव्हरवर खडूने रेघ मार. ती रेघ तुला सिलिंडर दाखवील. 1-5-3-6-2-4 हा क्रम तोंडपाठ आहेच. त्यातल्या पहिला-सहावा, पाचवा-दुसरा आणि तिसरा-चौथा या जोड्या एकदम वर येतात. म्हणून रेघेवरून दोनच संशयित उरतात.

सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असलं तरी इंजन असंच अडतं. पाणी दबत नाही. म्हणून चौथा प्रश्न. सगळी नोझलं काढ आणि परत फिरव, तोंड मात्र बाजूला ठेव. पाण्याची पिचकारी उडून इंजन मोकळं झालं, तर दुखणं वेगळं. मग कनेक्टिंग रॉड वाकलाय का ते बघ. नोझलं काढूनही त्याच रेघेवर अडलं, तर आत धातू आडवा आहे.

इंजन चालू असेल तर ऐक

काही वेळा इंजन बंद पडत नाही, नुसतं टकटक करतं. अशा वेळी अर्धा मिनिट ऐक, न्यूट्रलवर, रेस न देता. लांब लोखंडी सळई घे, एक टोक हेडवर ठेव, दुसरं कानामागच्या हाडाला. एकेक सिलिंडर फिर. नंतर सळई ब्लॉकवर खाली ठेव. वर ठळक आणि खाली मंद, तर वॉलच्या बाजूचं. खाली ठळक आणि दबका, तर बेअरिंगकडे बघ.

जुन्या पंपाच्या गाडीत त्या सिलिंडरच्या हाय प्रेशर पाइपवर बोट ठेव. डिझेल जाताना पाइप नाडीसारखा उडतो, दोन फेऱ्यांत एकदा. आवाज त्या नाडीबरोबर चालत असेल तर तो कॅमच्या चालीचा आहे. एका नाडीला दोन ठोके पडत असतील तर पिस्टन प्रत्येक फेरीला कशाला तरी लागतोय: वॉल गाइडमध्ये अडकून खाली राहिलाय, किंवा बेअरिंग इतकं झिजलंय की पिस्टन थेट हेडला टेकतोय.

मग त्या पाइपचा नट थोडा सैल कर, म्हणजे त्या सिलिंडरला डिझेल मिळणार नाही. आवाज गेला किंवा बराच उतरला, तर नोझल किंवा बेअरिंग बघ. आवाज होता तसाच राहिला, तर वॉलच्या बाजूला चल.

इथं एक गोष्ट जिवावरची आहे. कॉमन रेल गाडीचा पाइप चालू इंजनावर कधीही सैल करू नको. 1 एप्रिल 2017 ला देशभर बीएस-4 आलं आणि 1 एप्रिल 2020 ला बीएस-6. तेव्हापासूनच्या बहुतेक गाड्या कॉमन रेलच्या आहेत. त्या पाइपात 1,600 बार किंवा त्याहूनही जास्त दाब असू शकतो. ट्रकच्या टायरमध्ये 8 बारच्या आसपास हवा असते. त्याच्या दोनशे पट समज. त्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत शिरतं. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, आणि हात कापायची वेळ येते. अशा गाडीला स्कॅनर लाव आणि एकेक सिलिंडर तिथूनच बंद करून ऐक.

आणखी एक. हेडला हात घालण्याआधी ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसर ऐक. तो इंजनाच्याच गिअरवर चालतो आणि त्याचं बेअरिंग गेलं की हुबेहूब आतल्यासारखा ठोकतो. मी एकदा चांगलं हेड उतरवून बसलो होतो आणि दोष कॉम्प्रेसरमध्ये निघाला. हवेची टाकी भरून कॉम्प्रेसर मोकळा फिरायला लागला की आवाज बदलतो का, एवढं पाहायला दोन मिनिटं लागतात. मी ती दोन मिनिटं दिली नाहीत. हेडची मजुरी घेतली नाही, पण त्या माणसाची खेप बुडाली ती बुडालीच.

टॅपेट कव्हरखाली अर्धं उत्तर असतं

कव्हर काढ. पुश रॉड एकेक करून हाताने फिरवून बघ. वाकलेला असेल तर फिरताना डोलतो. काचेवर ठेवून घरंगळव, खात्री होईल. रॉकर, स्प्रिंग, स्प्रिंगवरची वाटी आणि दोन लॉक नीट बघ. लॉक निसटत आले असतील तर तो वॉल आज ना उद्या खाली पडणारच.

मग फीलर घे. टाटा-कमिन्सच्या 6 बीटीला थंड इंजनावर इनलेट 0.25 आणि एग्झॉस्ट 0.51 मिलिमीटर. प्रत्येक इंजनाचं माप वेगळं, ते त्याच्या पुस्तकातून घे. अंदाजाने ठेवू नको. बाकी सगळे मापात आणि एकाच टॅपेटची फट एकदम वाढलेली, तर तो वॉल वर येत नाहीये, म्हणजे वाकलाय किंवा गाइडमध्ये धरलाय. नाहीतर त्याचा पुश रॉड वाकून आखूड झालाय. फट उलट मिटली असेल तर वॉल सीटमध्ये खोल बसलाय. ते झिजेचं दुखणं, ठोकरीचं नव्हे.

हवेला विचार

हेड उतरवायच्या आधी अजून एक खात्री. संशयित सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वेळी वर आण, दोन्ही वॉल मिटलेले हवेत. गाडी गिअरमध्ये टाक, चाकाला लाकूड लाव, नाहीतर हवेने इंजन फिरेल आणि पान्याने हात मोडेल. नोझलच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोड आणि कान दे. एअर क्लीनरच्या तोंडाशी फुसफुस आली तर इनलेट वॉल. सायलेन्सरमध्ये आली तर एग्झॉस्ट वॉल. ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडची चीर. हवा खोटं बोलत नाही. मालकालाही हे ऐकव, म्हणजे हेड का उतरवायचं ते त्याला त्याच्याच कानाने पटेल.

पिस्टनवरची चंद्रकोर वाच

हेड उतरलं की लगेच पुसायला घेऊ नको. नवीन पोरं इथंच चुकतात. पिस्टनच्या डोक्यावर काळी काजळी असते. जिथं वॉल लागला तिथं ती खरवडून चंद्रकोरीसारखी चकचकीत खूण उमटते. आधी ती सगळ्या पिस्टनवर बघ, मोबाइलवर फोटो काढ, मगच चिंधी हातात घे.

एकाच पिस्टनवर खूण असेल तर दोष त्या सिलिंडरपुरता आहे: स्प्रिंग तुटली, लॉक निसटलं, गाइडमध्ये कार्बन बसला, किंवा त्याच रॉडचं बेअरिंग गेलं.

सगळ्या पिस्टनवर फक्त एग्झॉस्टच्या बाजूला असेल तर दोन वाटा. इंजन उतारावर हद्दीबाहेर फिरलं किंवा स्प्रिंगा थकल्या, ही एक. कॅम मागे पडलाय आणि एग्झॉस्ट उशिरा मिटतोय, ही दुसरी. सगळीकडे फक्त इनलेटच्या बाजूला असेल तर कॅम पुढे गेलाय, इनलेट लवकर उघडतोय. टायमिंग गिअरच्या खुणा जुळव, एखादा दात इकडेतिकडे झालेला सापडेल. कॅम गिअरची चावीही बघ.

आणि सगळ्या पिस्टनवर दोन्ही बाजूंना सारखी खूण असेल तर हेड आणि पिस्टनमधली फटच कमी झालीय. हेडला किंवा ब्लॉकला फेसिंग मारलंय, गॅस्केट पातळ पडलंय, वॉल सीटमधून वर राहिलेत, किंवा पिस्टन भलत्याच मापाचे बसवलेत.

ड्रायव्हरवर आळ घेण्याआधी ही खूण वाच. फेसिंगच्या चुकीसाठी ड्रायव्हरच्या पगारातून पैसे कापलेले मी पाहिलेत. तुझ्या एका शब्दावर त्याची नोकरी असते. खूण जे सांगते तेवढंच सांग.

मोडलेल्याच्या पुढे बघ

वाकलेला वॉल सरळ करून बसवायचा नाही, कितीही नड असली तरी. तो पुन्हा मान टाकणार. गाइडमध्ये नवीन वॉल घालून हलवून बघ, जास्त डोलला तर गाइड बदल. वाळूच्या गाडीचे गाइड लवकर जातात, कारण एअर क्लीनर वेळेवर साफ होत नाही आणि ती धूळ सगळं घासत जाते.

पिस्टनला आणि हेडला चीर आहे का बघायला रॉकेल लाव, दहा मिनिटांनी कोरडं पूस, वर खडूची पूड चोळ. चीर असेल तर आतलं रॉकेल पाझरून बारीक ओली रेघ उमटते. वॉल तुटला असेल तर तुकडे मोज आणि जुळवून बघ. एक जरी कमी असेल तरी शोध थांबवू नको. इनलेट मॅनिफोल्डमध्ये उडालेला कण उद्या दुसऱ्या सिलिंडरमध्ये पडतो. एग्झॉस्टने गेलेला टर्बोचं पातं फोडतो. ऑइल चेंबर उतरव, लोहचुंबक फिरव.

आणि लेथवर हेड देताना तोंडी सांगून मोकळा होऊ नको. जाडी मोजून चिठ्ठीवर लिही. फेसिंग जेवढं मारलं तेवढी सीटही खाली घ्यायला सांग. परत आल्यावर हेडवर पट्टी आडवी ठेवून वॉल किती आत आहेत ते डेप्थ गेजने स्वतः मोज.

मिटवण्याआधी कणकेची परीक्षा

हे माझ्या उस्तादांचं आणि माझं सगळ्यात लाडकं काम. घरातून घट्ट मळलेली कणीक आण, नाहीतर पोरांची खेळायची माती. पिस्टनवर वॉलच्या जागी तिचा पातळ थर बसव, वर ऑइलचं बोट फिरव म्हणजे चिकटणार नाही. वापरलेलं पण त्याच जाडीचं गॅस्केट टाक, हेड ठेव, बोल्ट मापाने कस, टॅपेट लाव. हाताने दोन फेऱ्या फिरव, सावकाश. हेड परत उतरव.

कणकेत दोन वाटोळे खड्डे दिसतील. ब्लेडने त्यांच्या मधोमध काप आणि सर्वात पातळ जागेची जाडी व्हर्निअरने मोज. पुस्तकात दिलेल्या मापाशी ताडून बघ. कमी आली तर सगळं परत. मालक घाई करील, वाळूच्या खेपा बुडताहेत म्हणेल, बँकेचा हप्ता आहे म्हणेल. त्याचं म्हणणं खरं असतं. तरीही हेड मिटवू नको. त्याला तो कापलेला तुकडा दाखव. "तुमची गाडी एवढ्या फटीवर चालते," म्हणून सांग. मला आठवतं, एका टिपरच्या मालकाने तो तुकडा बोटांच्या चिमटीत धरला, उजेडाकडे करून बराच वेळ पाहिला आणि न बोलता ओट्यावर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याने घाई केली नाही.

शेवटी एवढंच. पहिली ठणकलेली गाडी तुझ्या दारात येईल, तेव्हा लगेच मला फोन लावू नको. ड्रायव्हरला चहा दे. दोन फेऱ्या हाताने फिरव. जिथं अडेल तिथं खडूने रेघ मार. मग फोन कर आणि रेघ कुठे आहे ते सांग. मी बिलोलीतच आहे.